बी.डी.नंतरचे शिष्यत्व

धर्मशास्त्राची पदवी घेऊन परतलेल्या तरुण-तरुणींविषयी आपल्या मंडळ्यांमध्ये तीन मते ठाण मांडून बसली आहेत. पहिले मत असे की बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) झाली, म्हणजे शिष्य तयार झाला. आता फक्त पोस्टिंगची वाट पाहायची. दुसरे असे की बी.डी. होऊनही जो पाळक न होता शाळेत किंवा बँकेत लागला, तो वाया गेला. तिसरे मत या दोहोंवर कडी करते: सेमिनरीत गेलेला विश्वास गमावूनच येतो, तेव्हा घरी राहिला असता तर बरे झाले असते. ही मते एकमेकांशी भांडताना दिसतात, पण तिन्हींचे मूळ एकच आहे. पदवीधराचे शिष्यत्व पदवीच्या कागदावरून किंवा पाळकाच्या खुर्चीवरून मोजायचे, हे तिन्ही पक्षांना मान्य आहे. मला ते मान्य नाही.

पहिल्या मतापासून सुरुवात करू. आपल्याकडच्या अनेक प्रॉटेस्टंट सेमिनऱ्यांची बी.डी. ही सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची पदवी असते. १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरीही त्याच सिनेटशी जोडलेली आहे. ते सेरामपूर कॉलेज १८१८ मध्ये विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांनी काढले. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन त्याला पदव्या देण्याचा अधिकार बहाल केला. ज्यांच्या नावाने आज आपण गाऊन घालून फोटो काढतो, ते कॅरी स्वतः कोण होते? जोडे शिवण्याच्या कामात उमेदवारी केलेले गृहस्थ. कोणत्याही विद्यापीठात ते शिकले नव्हते. १८०७ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही सन्माननीय पदवी दिली, तेव्हा त्यांचे मराठी व्याकरण छापून दोन वर्षे होऊन गेली होती. म्हणजे काम आधी झाले, पदवी मागून आली. पदवीनेच शिष्य घडत असेल, तर पदवी देणारी संस्था काढणाराच शिष्यांच्या यादीतून बाद होईल.

याचा अर्थ पदवी फुकट आहे असा नाही. चार-पाच वर्षे बायबल, मंडळीचा इतिहास, ग्रीक-हिब्रूची तोंडओळख, समुपदेशन, इतर धर्मांचा अभ्यास हे सगळे मन लावून करणे ही मोठी गोष्ट आहे. पण वर्गात येशूच्या डोंगरावरील प्रवचनावर पंधरा पानी निबंध लिहिणे वेगळे आणि घरी आल्यावर सख्ख्या भावाशी जमिनीच्या बांधावरून चाललेला वाद मिटवणे वेगळे. पहिल्याला गुण मिळतात. दुसऱ्याला गुण देणारे कोणी नसते.

आता दुसरे मत. यातला टोमणा सगळ्यांना पाठ आहे: ‘नांगराला हात घातला आणि मागे पाहिले.’ बी.डी. झालेली मुलगी शाळेत शिक्षिका झाली किंवा मुलगा बँकेत लागला, की हे वचन त्यांच्या तोंडावर फेकले जाते. फेकणारे विसरतात की प्रेषित पौल करिंथात राहुट्या करण्याच्या धंद्यावर पोट भरत होता. त्याच्या जोडीला अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे त्याच धंद्यातले नवरा-बायको होते. अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला बाजूला घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला तो याच जोडप्याने. कॅरींनी बंगालमध्ये आधी निळीच्या कारखान्यात काम केले. १८०१ पासून ते फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत होते आणि पगाराचा मोठा भाग मिशनच्या कामाला देत होते. यांपैकी कोणी मागे पाहिले, असे म्हणण्याची आपली हिंमत आहे काय? मागे पाहणे म्हणजे दुसऱ्या शेतात नांगर धरणे नव्हे. मागे पाहणे म्हणजे शेत सोडून बांधावर बसणे. तसे बसलेले लोक नोकरदारांत आहेत, तसेच पाळकांतही आहेत.

तिसऱ्या मताला मात्र थोडा मान दिला पाहिजे, कारण त्यामागे खरे दुखणे आहे. पंचग्रंथाची रचना एकाच हाताची नसावी, हे वर्गात शिकून आलेला एखादा तरुण पहिल्याच उपदेशात ते ऐंशी वर्षांच्या आजीच्या डोक्यावर आदळतो. तिने आयुष्यभर मोशेच्या नावाने वाचलेले पान त्याने दोन मिनिटांत मोडीत काढलेले असते आणि बदल्यात दिलेले काहीच नसते. अशा वेळी लोकांनी सेमिनरीला बोल लावला, तर नवल नाही. पण दोष विद्येचा नाही. विद्या पचली नाही, त्याचा आहे. पेत्र आणि योहान हे शिक्षण न घेतलेले सामान्य लोक होते, हे प्रेषितांची कृत्ये सांगते. पौल गमलिएलाच्या पायाशी बसून शिकला, हेही तेच पुस्तक सांगते. पहिले सोयीने वाचायचे आणि दुसरे गाळायचे, ही भक्ती नव्हे.

आणि आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंचे उदाहरण असताना हे मत टिकावे तरी कसे? संस्कृतच्या पंडिता असलेल्या बाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. ज्यांच्याकडे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या अँग्लिकन भगिनींशीही मत पटले नाही तेव्हा त्यांनी स्वतःच्या बुद्धीला कुलूप लावले नाही. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना सांभाळता सांभाळता त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच बायकांनी. बाई १९२२ मध्ये वारल्या, पूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर आला. ग्रीक शिकल्याने त्यांचा विश्वास गेला, असे कोणी म्हणून दाखवावे.

खंडन इतके पुरे. मग पदवीनंतरचे शिष्यत्व दिसते कशात?

एक, भाषेत. धर्मशास्त्राचे बहुतेक उच्च शिक्षण इंग्रजीत होते आणि मंडळी मराठीत प्रार्थना करते. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पडून राहतो आणि व्यासपीठावर इंग्रजी संज्ञांचा पाऊस पडतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, ओवीत, कीर्तनात आणले. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. तेही बी.डी. नव्हते. आजच्या पदवीधराने आपल्या प्रबंधाचा गाभा आजीला कळेल अशा मराठीत चार पानांत मांडून दाखवावा. तो मांडता येत नसेल, तर विषय आपल्यालाच कळलेला नाही असे खुशाल समजावे.

दोन, पैशात. कापणीच्या सणाला चर्चच्या आवारात भोपळ्याचा, कोंबडीचा, ज्वारीच्या कणसांचा लिलाव होतो. चढाओढीने बोली लागते, टाळ्या पडतात आणि ‘पुढच्या रविवारी देतो’ म्हणून रक्कम वहीत उधार राहते. वर्षअखेर ती उधारी कोणाच्या नावावर होती, हे खजिनदार सांगत नाही आणि कमिटी विचारत नाही. बी.डी. झालेला माणूस तिथे उभा असतो. त्याने वहीची पाने सर्वांसमोर वाचावीत असा आग्रह धरला, तर तो वाईट होईल. व्हावे. आपल्याकडे मंडळ्यांच्या जमिनी आणि ट्रस्ट यांचे वाद कोर्टात वर्षानुवर्षे चालतात. त्याची सुरुवात अशाच लहान उधारीतून आणि तिच्याकडे केलेल्या काणाडोळ्यातून होते.

तीन, जातीत. येथे शिष्यत्वाची सर्वांत कठीण परीक्षा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणून कित्येक घरांत कागदावर एक धर्म आणि मंडळीच्या रजिस्टरात दुसरा अशी ओढाताण चालते. व्यासपीठावरून अशा घरांना ढोंगी म्हणणे फार सोपे आहे. अन्याय करणाऱ्या नियमाविरुद्ध त्यांच्या बाजूने बोलणे अवघड आहे. त्याहून अवघड आहे स्वतःच्या लग्नाच्या वेळी पूर्वजांची जात न विचारणे. ख्रिस्तात सर्व एक आहेत यावर उत्तम पेपर लिहिणारा पदवीधर स्थळ पाहताना ‘आपल्यातलेच’ शोधतो, तेव्हा लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण ही म्हण त्याच्यासाठीच केली होती असे वाटते.

म्हणून मंडळ्यांना माझे सांगणे आहे. परतलेल्या पदवीधराला पोस्टिंग मिळो न मिळो, त्याला आठवड्यातून एक तास बायबल अभ्यास घ्यायला द्या, हिशेब तपासायला बसवा, त्याला अडचणीचे प्रश्न विचारा आणि त्याच्या उत्तराने बिचकू नका. आणि पदवीधरांनो, ‘रेव्हरंड’ हा शब्द नावामागे लागेपर्यंत थांबू नका. पाळकत्वाची दीक्षा मंडळी देईल तेव्हा देईल. ख्रिस्ताच्या मागे चालायला तिच्या ठरावाची गरज कधीच नव्हती.