किती वर्षं टिकेल, हे कोण सांगणार?

आपल्या पानांवर मद्याचा विषय येतो तो बहुधा दारूबंदीच्या संदर्भात. बाटली आडवी करायला रांगेत उभ्या राहिलेल्या बायांच्या राज्यात बसून फ्रान्समधल्या महागड्या तांबड्या वाइनवर कशाला लिहायचं, असं एखादी मैत्रीण विचारेल. वाइन प्यावी की नाही हा माझा विषय नाही. विषय आहे तिच्या पारखीचा. ही पारख कोण करतं, कोणत्या शब्दांत करतं, आणि त्या शब्दांत बाईला कुठे बसवलं जातं?

आधी पारख होते कशी ते पाहू. बोर्डोची उत्तम तांबडी वाइन दीड-दोन वर्षं पिंपात राहून बाटलीत येते, तेव्हा ती पिणं फारसं सुखाचं नसतं. काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाचं फळ लहान आणि साल जाड. सालीतून, बियांतून टॅनिन उतरतं. कच्चा पेरू चावला किंवा हिरडा चघळला की गाल आत ओढले जातात, जीभ खरखरीत होते, तसाच हा तुरटपणा. चाखणारा पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरतो आणि कडेचा रंग बघतो. जांभळट कड म्हणजे वाइन तरुण, विटकरी कड म्हणजे वय झालेलं. मग हुंगायचं, घोट तोंडात घोळवायचा आणि चक्क थुंकून टाकायचा. थुंकल्यावर चव किती वेळ मागे रेंगाळते ते लक्षात ठेवायचं. टॅनिन भरपूर, आंबटपणा ठणठणीत आणि फळाची चवही तितकीच दाट, असं तिन्हींचं जमलं तर वाइन वीस-तीस वर्षं टिकेल असं म्हणतात. नुसत्या टॅनिनने भागत नाही. फळाची चव आधीच विरून गेली तर मागे राहतो कोरडा तुरटपणा. बाटलीत वर्षानुवर्षं टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटत जातात, जड होऊन गाळ म्हणून तळाशी बसतात आणि वाइन मऊ होत जाते.

थोडक्यात, आज चाखायचं आणि वीस वर्षांनंतरचं सांगायचं. वाचणाऱ्या अनेकींना यात परकं काही वाटणार नाही. कैरीची फोड दाताखाली धरून "कोय अजून कोवळी आहे, फोडी लवकर मऊ पडतील, हे लोणचं वर्षभर राहायचं नाही" असं सांगणाऱ्या बाया घरोघरी होत्या. आंबटपणा, मीठ, फोडीचा करकरीतपणा यांचा मेळ बघून टिकाऊपणा सांगायचा, हे तेच काम. पण त्याची बोळवण 'हाताची चव' म्हणून झाली. बोर्डोत मात्र दर वसंतात नवी वाइन पिंपात असतानाच चाखून तिला गुण दिले जातात आणि बाटल्या भरण्याआधीच ती विकली जाते. तिथे जिभेला बाजारभाव आहे.

आता शब्दांकडे वळू. पोइयाक गावची वाइन 'पुरुषी', म्हणजे दणकट, दमदार, टिकाऊ. मार्गो गावची 'बायकी', म्हणजे नाजूक, सुगंधी, लोभस. बर्गंडीतही तेच. जव्रे-शांबेर्तँ पुरुष, शांबोल-म्युझिन्यी बाई. हे शब्द ऐकणारा आपोआप समजतो की नाजूक ती लवकर संपणार. आणि गंमत म्हणजे शातो मार्गोची १९०० सालची वाइन दीर्घायुषी वाइनींत आजही मानाने सांगितली जाते! मार्गोची जमीन पातळ, गोट्यांची. तिथल्या चांगल्या वाइनमध्ये टॅनिन बारीक पोताचं असतं, कमी नसतं. बारीक पोत म्हणजे कच्चा पोत नव्हे, हे साडी हातात घेऊन बघणाऱ्या कुणालाही कळतं. याच शातो मार्गोची धुरा वडील गेल्यावर १९८० साली कोरिन मेंत्झेलोपुलोस या बाईने घेतली आणि चार दशकं सांभाळली. त्या काळात तिथली वाइन कमकुवत झाली असं कुणी म्हटलेलं नाही. उलट तिचं नाव पुन्हा वर आलं.

टिकाऊपणाच्या भाकितात पूर्वग्रह कसे शिरतात याचं मोठं उदाहरण १९७६ सालचं. २४ मे रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने बाटल्यांची नावं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखायला ठेवल्या. कल्पना त्याची अमेरिकन सहकारी पॅट्रिशिया गॅलगर हिची होती, पण नाव झालं त्याचं. नऊ फ्रेंच परीक्षकांत बाई एकच, वाइनविषयक मासिकाच्या संपादक ओदेत कान. तांबड्या वाइनींत कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप पहिली आली. कान यांनी आपली गुणपत्रिका परत मागितली. बाकीच्या आठ पुरुषांनीही तीच चूक, चूक म्हणायची तर, केली होती. पण किस्सा म्हणून हमखास सांगितला जातो तो या बाईंचा संताप.

त्यानंतर फ्रेंचांचं म्हणणं असं की, या वाइन तरुणपणी छान लागतात, त्यांना वय सोसणार नाही, काही वर्षं थांबा. बरोबर तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच तांबड्या वाइन लंडनला आणि नापाला पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या. पहिली आली रिज माँते बेलो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी होती. लवकर आवडलेलं लवकर कोमेजतं, हा समज जिभेतून आलेला नव्हता.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते अॅन नोबल यांचं काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या द्राक्ष-वाइन विभागात १९७४ साली आलेल्या या पहिल्या महिला प्राध्यापक. वाइनच्या वासांचं त्यांनी एक चक्र तयार केलं. त्यात लवंग, मिरी, ढोबळी मिरची असे शब्द आहेत. ओळख पटावी म्हणून साध्या वाइनमध्ये हेच पदार्थ घालून विद्यार्थ्यांना हुंगायला द्यायचे. प्रतिष्ठित, डौलदार, बायकी, पुरुषी यांना त्या चक्रात जागा नाही, कारण असे शब्द हुंगून तपासता येत नाहीत. स्वयंपाकघरातला माल असा प्रयोगशाळेत जाऊन बसला.

नाशिकच्या वाइनरींमध्ये आज पाहुण्यांना चव समजावून सांगितली जाते. तिथे मराठीत बोलायचं तर तुरट, आंबट, करकरीत, जांभळासारखं, लवंगेसारखं हे शब्द आपल्याकडे तयार आहेत. 'फेमिनिन'चं भाषांतर करण्याची तसदी कुणी घेऊ नये.