ओढ्याकाठची झाडं आणि आपले श्रम



यंदा पावसाच्या सुरुवातीला आम्ही काही जणी करवीर तालुक्यातल्या गडमुडशिंगीला ओढ्याकाठी झाडं लावायला गेलो. उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज आणि निर्गुडी, अडुळशाची झुडपं. सगळी इथल्याच मातीतली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर या भागात पाण्याचा विषय निघाला की प्रत्येकीचा आवाज बदलतो. काठ उघडा असला की पाऊस माती घेऊन जातो आणि ओढा गाळानं भरतो. वाळुंज-करंजाची मुळं ती माती धरून ठेवतात. करंज, निर्गुडीला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती कुंपणाशिवायही तग धरतात.

मी पहिला खड्डा घ्यायला लागले, तोच एक मावशी म्हणाल्या, "झाडं लावा बाई, पण धुण्याच्या वाटेवर झुडपं नकोत." घरोघरी संडास नव्हते तेव्हा झुडपांचा आडोसा हाच बायांचा आसरा होता आणि त्याच झुडपांमागे कोण उभं असेल ही रोजची धास्तीही होती. मला झुडपात पक्ष्यांचं घरटं दिसत होतं, त्यांना ती धास्ती आठवत होती. दोन्ही खरं. आम्ही खड्डे बदलले. वाटेच्या कडेला उंच वाढणारी झाडं, निर्गुडी पलीकडच्या काठाला. मावशींना विचारलं नसतं तर ही चूक आमच्या लक्षातही आली नसती.

पण खरा प्रश्न परतताना मनात आला. आम्ही हौसेनं एक रविवार दिला. मार्च-एप्रिलच्या उन्हात घागर घेऊन रोपांना पाणी कोण घालणार? मजुरीला जाऊन, घरचं पाणी भरून, स्वयंपाक उरकून पुन्हा तीच बाई. तिच्याकडून आपण 'श्रमदान' मागतो. ज्याच्याकडे शिल्लक आहे त्यानं दान करावं. तिच्या दिवसात शिल्लक आहे कुठं? १९७२ च्या दुष्काळात बायांनी खडी फोडली, त्याची त्यांना मजुरी मिळाली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. झाड जगवणं हेही कामच आहे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याचा सरकारी कार्यक्रम झाला. अशा वेळी लावलेल्या रोपांचे आकडे जाहीर होतात, पाणी घालणारे हात कुणी मोजत नाही.

१९७४ मध्ये रेणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी जंगल वाचवलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्यांना निसर्गाच्या लेकी म्हणून मखरात बसवलं की जंगलावरचा त्यांचा हक्क विसरणं सोपं जातं. म्हणून झाड लावतानाच विचारायला हवं : उद्या जांभळं कोण विकणार? करंजाच्या बिया, वाळलेलं सरपण कुणाचं?

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूदही आहे. तिथंच दोन ठराव मांडू या. झाडं जगवण्याच्या कामाला मजुरी, आणि फळं, बिया, सरपणावर जगवणाऱ्या बायांचा पहिला हक्क.

तोवर उन्हाळ्यात पाणी घालायला आम्ही पाळ्या लावणार आहोत. त्यात घरातले पुरुषही असतील, ही आमची अट आहे. तुमच्या गावच्या ओढ्याकाठी काय चाललंय, जरूर कळवा.