विचारावं की टिपावं?



तुमच्या कपाटात लग्नाचा अल्बम असेलच. एकदा काढून बघा. सगळ्या जणी ओळीनं उभ्या, पदर सारखे केलेले, चेहऱ्यावर 'आता श्वास घेऊ की नको' असा भाव! आणि कुठल्याशा पानामागे सरकवून ठेवलेला एक 'फुकट गेलेला' फोटो सापडतो. त्यात आत्याबाई पंगतीत वाकून वाढता वाढता खळखळून हसतायत आणि मागे कुणाचं तरी पोर जिलबी पळवतंय. खरं सांगा, पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो तो कुठला?

ह्यांनी नवा मोबाईल घेतला आणि जुना माझ्या वाट्याला आला. मग काय, मी दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. पण आमची धाकटी म्हणाली, "आई, तू आधी सगळ्यांना नीट उभं करतेस. मग सगळे प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे दिसतात." खोटं कशाला बोलू? अर्धवेळ का होईना, शाळेतली बाई आहे मी. रांग सरळ झाल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या हट्टापायी मी वाचायला घेतलं. रस्त्यावरची माणसं न सांगता-सवरता, आहेत तशी टिपणं ही मोठीच कला आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच माणसाचं. १९३२ साली त्यानं पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनमागे, कुंपणाच्या फटीतून एक फोटो घेतला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला लागणार एवढ्यात कळ दाबली गेलीय. मागच्या भिंतीवरच्या जाहिरातीतही नेमकी एक नर्तकी तशीच झेप घेतेय! क्षणभर उशीर झाला असता, तर उरलं असतं ते नुसतं उडालेलं पाणी.

हे त्याला जमलं कसं? लोक म्हणतात, उपजत. मला नाही तसं वाटत. भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं, की ती कधी उलटायची हे आपण घड्याळात बघतो का? पाणी पार सुकलं तर भाकरीला चिरा पडतात, घाई केली तर ती चिकटते. हात आपोआप जातो. नवी सून बघून म्हणते, 'तुमच्या हाताला उपजतच आहे हो!' पण त्या हातामागच्या करपलेल्या भाकऱ्या आपल्यालाच ठाऊक असतात. कार्तिए-ब्रेसाँचंही तेच. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग तो काळ्या पट्टीनं झाकायचा, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. चांगली जागा दिसली की तिथं माणूस येईपर्यंत थांबून राहायचा. कळ क्षणात दाबली जाते, पण तयारी वर्षांची असते.

दुसरी गोष्ट तर आपल्याच जातकुळीतल्या बाईची. व्हिव्हियन मायर तिचं नाव. १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली आणि पुढे शिकागोत लोकांची मुलं सांभाळून पोट भरलं. मुलांना फिरायला न्यायची तेव्हा गळ्यात रोलायफ्लेक्स कॅमेरा असे. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो, पोटाशी धरून वरून खाली बघायचं असतं. त्यामुळे समोरच्याला पत्ताच लागत नाही. एका रोलमध्ये फोटो फक्त १२, म्हणून एका प्रसंगाचा ती बहुतेक एकच फोटो घ्यायची. रडणारं मूल, दुकानाच्या काचेतली स्वतःची सावली, बाकावर पेंगणारे आजोबा असे लाखावर फोटो तिनं काढले आणि जवळजवळ कुणालाच दाखवले नाहीत. शेकडो रोल तर धुतलेसुद्धा नव्हते. सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं, म्हणून २००७ साली त्या पेट्या लिलावात गेल्या. २००९ साली ती वारली आणि मग जगभर नाव झालं.

हे वाचून मला स्फुरण चढलं. मुलांमागे धावणाऱ्या बाईला जमतं, मग मला का नाही? शनिवारी पिशवी आणि मोबाईल घेऊन मी बाजारात गेले.

आधी एका भाजीवालीला विचारलं. तिनं लगेच पदर सारखा केला, हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि लाकडासारखी ताठ बसली. म्हणजे विचारलं की क्षण गेला! पुढे कोपऱ्यावर एक बाई पापड-कुरडया घेऊन बसली होती. ऊन चुकवायला तिनं डोक्यावर पापडांचंच रिकामं सूप धरलं होतं. सुपाच्या फटींतून उन्हाच्या रेघा तिच्या गालावर पडल्या होत्या. मी विचारलं नाही. हात आपोआप गेला आणि फोटो निघाला. काय सांगू तुम्हांला, इतका सुंदर फोटो मी जन्मात काढला नव्हता!

तिनं बघितलं. सूप खाली ठेवून उठली आणि हळूच म्हणाली, "बाई, तेवढा पुसून टाका. मी इथं बसते ते घरी ठाऊक नाही. शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगितलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी तो फोटो मी आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकणारच होते. तिथून तो तिच्या दिरा-जावांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागला असता? मी तिच्यासमोर तो पुसला. शेजारचा शेंगावाला पोरगा म्हणाला, "काकू, पुसलेला बी आत राहतोय, तिथनं पण काढा." तिथूनही काढला. मग तिच्याकडून दोन पुडे पापड घेतले.

घरी आल्यावर पुन्हा ते वाचलेलं आठवलं. कार्तिए-ब्रेसाँचं १९५२ सालचं गाजलेलं पुस्तक इंग्रजीत 'निर्णायक क्षण' या अर्थाच्या नावानं प्रसिद्ध आहे. पण मूळ फ्रेंच नावात जो वाक्प्रचार आहे, तो तिकडे परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्यांसाठी वापरतात. पोलीस दिसला की गाशा गुंडाळून पळणारे, तसे! म्हणजे फोटो काढणारा आणि ती पापडवाली, दोघंही चोरूनच काम करणारे. फरक एवढाच, की पकडलं गेल्यावर नुकसान तिचं होणार होतं, माझं नाही. आणि व्हिव्हियन मायर? तिनं रस्त्यावर किती जणांना विचारलं असेल, देव जाणे. पण तिनं जपून ठेवलेलं सारं जगापुढे आलं, तेव्हा तिलाही कुणी विचारलं नाही.

म्हणून मी माझ्यापुरता नियम केलाय. टिपायचं न विचारता, पण ठेवायचं विचारून. फोटो घेतला की लगेच पुढे जाऊन दाखवायचा. 'नको' म्हटलं की पुसायचा, कारण विचारायचं नाही. दुसऱ्याच्या मुलांचा फोटो मात्र आई-बापांना आधी विचारल्याशिवाय नाहीच.

आता थोडं कामाचं. सुरुवात बाजारातून नको, स्वयंपाकघरातून करा. पिशवीतल्या मोबाईलच्या काचेवर तेलकट बोटं उमटलेली असतात, ती आधी मऊ सुती कापडानं पुसा. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा उजेड पुरे. सकाळी एकाच जागी दहा मिनिटं उभ्या राहा आणि कुणाला 'इकडे बघ' म्हणू नका. दिवसाला १२ फोटो, एवढाच शिधा ठरवून घ्या. म्हणजे उगाच टकटक न करता बघायची सवय लागते. आणि काढल्या काढल्या तो बघत बसू नका, तेवढ्यात पुढचा क्षण निसटतो.

आमच्या घरी आता माझा एकही फोटो 'नीट' येत नाही. सासूबाई कवळी काढून हसताहेत असा एक मिळालाय. त्यांना दाखवला. म्हणाल्या, "ठेव, पण फ्रेम करू नकोस."

दर शनिवारी मी कोपऱ्यावरच्या त्या बाईकडून पापड घेते. मोबाईल पिशवीतच असतो. परवा ती हसून म्हणाली, "आज नाही का काढत?" मी म्हटलं, "नाही गं, आज नुसती बघते."