सत्तावन्न सालचा साचा

१८ जुलैला मुंबई विद्यापीठाचा वर्धापनदिन झाला आणि नेहमीप्रमाणे १८५७ हे साल मिरवले गेले. दिल्ली उठाव करणाऱ्या शिपायांच्या ताब्यात होती, तेराच दिवसांनी कोल्हापुरात २७वी पलटण उठली आणि अशा धामधुमीतही सरकारने विद्यापीठ काढले, हे कौतुक मला पटत नाही. निर्णय वूडच्या शिक्षणविषयक खलित्यात १८५४ सालीच झाला होता, आगगाडी कल्याणला पोचली त्याच वर्षी. सत्तावन्नात त्याचा कायदा झाला, इतकेच. खरा प्रश्न आहे तो त्या खलित्याने घालून दिलेल्या नमुन्याचा. तो लंडन विद्यापीठाचा होता आणि ते विद्यापीठ तेव्हा स्वतः शिकवत नव्हते. कॉलेजांनी शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, असा तो कारभार. लंडनला त्यातली उणीव कळली. १८९८च्या कायद्याने तिथे अध्यापन हे विद्यापीठाचेच काम ठरले. आपल्याकडेही १९०४च्या कायद्याने तशी वाट मोकळी झाली, पुढे मुंबईत पदव्युत्तर विभाग उभे राहिले. पण ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलांसाठी साचा अजून सत्तावन्न सालचाच आहे. त्यांचे विद्यापीठ म्हणजे हॉलतिकीट आणि मार्कशीट. २०१७मध्ये ऑनलाइन पेपरतपासणी कोलमडली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना जावे लागले. शिकवण्यात कुचराई झाली म्हणून असे कधी घडल्याचे आठवते का?

कुणी म्हणेल, याच व्यवस्थेने रानडे-भांडारकर दिले. १८६२च्या पहिल्या बी.ए.वाल्यांत ते होते हे खरे. पण त्यांना घडवले एल्फिन्स्टनच्या वर्गांनी, आणि ती संस्था विद्यापीठाच्या आधीची. पेंढरकर, बिर्ला, जोशी-बेडेकर या आपल्याकडच्या कॉलेजांचेही तेच: शिकवण्याचा भार त्यांचा, शिक्का फोर्टचा. विद्यापीठाच्या बाळकुम आणि कल्याण इथल्या उपपरिसरांबद्दल या जागी पुष्कळ लिहिले आहे, पुन्हा लिहावे लागते याचा राग येतो. तिथे इतिहास, मराठी, रसायनशास्त्र यांचे पूर्ण विभाग हवेत, कायम प्राध्यापक आणि रात्री उघडे राहणारे ग्रंथालय हवे. ठाणे जिल्ह्याला वेगळे विद्यापीठ द्या, ही मागणी करणाऱ्यांची तळमळ मला समजते. मात्र विभाग आधी उभे राहिले नाहीत, तर नव्या नावाचे आणखी एक परीक्षा खाते पदरात पडेल आणि डोंबिवलीची मुलगी एम.ए.च्या तासासाठी तीच सकाळची लोकल पकडून कलिन्याला जात राहील.