चूक पुतळ्यावर होऊ द्या

जून २०१४ मध्ये भिलाई पोलाद कारखान्यातील वायुगळतीने सहा जणांचा बळी घेतला. ऑक्टोबर २०१८ मध्ये वायुवाहिनीच्या आगीत त्याहून जास्त कामगार गेले. अशा अपघातांतले रुग्ण रुग्णालयात येतात तेव्हा नर्सिंगच्या विद्यार्थिनींना जवळही कोण फिरकू देणार? आणि द्यावे तरी का? कार्बन मोनॉक्साइडने गुदमरलेल्या माणसाच्या बोटावरचा ऑक्सिमीटर खुशाल ९८ दाखवतो, कारण त्या वायूने व्यापलेले रक्त यंत्राला ऑक्सिजनयुक्तच भासते. आकडा पाहून ऑक्सिजनचा मास्क काढला की घात झाला. ही चूक व्हायचीच तर सरावासाठीच्या रुग्ण-पुतळ्यावर व्हावी आणि शिक्षिकेने लगेच सर्वांना बसवून तिची चिरफाड करावी. खरे शिक्षण त्या चर्चेतच होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात सिम्युलेशनला, म्हणजे अशा कृत्रिम प्रसंगांवरच्या सरावाला, जागा आहेच. पण महागडा पुतळा फक्त तपासणी पथकासाठी आवरणातून बाहेर निघणार असेल, तर तो घेऊच नये. आधी शिक्षिका तयार करा. भिलाईच्या नर्सिंग महाविद्यालयांना सरावासाठी अपघातांचे प्रसंग कारखान्याच्या सुरक्षा विभागानेच लिहून द्यावेत.