श्वास आत घ्या, म्हणे

परिचारिका दिनाला आमच्या रुग्णालयात व्याख्यान ठेवलं होतं. विषय 'रेझिलिअन्स', म्हणजे संकटातही मनाने खंबीर कसं राहायचं. नाईट करून निघालेल्या आठ-दहा जणींना घरी न सोडता थेट सभागृहात बसवलं, कारण खुर्च्या भरायच्या होत्या. वक्ते म्हणाले, डोळे मिटा, चार मोजत श्वास आत घ्या. माझ्या शेजारच्या सिस्टरने डोळे मिटले ते मिटलेच. घोरायला लागली. मी तिला उठवलं नाही.

वक्त्यांवर राग नाही. श्वासाने बरं वाटतं, मीही करते. राग वेगळाच आहे. कोविडमध्ये आम्ही तगलो ते मनाच्या ताकदीवर, असं एक चित्र तयार झालंय आणि ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. मी कोविड वॉर्डात होते, तिथे असं काही दिसलं नाही.

सहा-सहा तास किटमध्ये, पाणी नाही, बाथरूम नाही, याची सवय झाली. सवय झाली नाही ती फोनची. पेशंट गेला की त्याचं सामान पिशवीत बांधून नावाचा कागद लावायचा. आत मोबाईल असायचा, आणि तो वाजायचा. स्क्रीनवर 'आई', नाहीतर 'घर'. उचलायचा नाही, कारण नातेवाइकांना डॉक्टर सांगणार. काउंटरवर पिशवी वाजतेय आणि आम्ही पुढच्या बेडची सलाईन बदलतोय. एप्रिल 2021 मध्ये एका रात्री अशा तीन पिशव्या होत्या.

मग तगलो कसे? आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, कंत्राटी. सकाळी किट उतरवून बाहेर आलं की त्या जिन्यावर बसवून घ्यायच्या. "सिस्टर, पाच मिनिटं टेका. असं तोंड घेऊन घरी जाऊ नका." कुणी रडायचं, कुणी सासूच्या कागाळ्या सांगायचं. कधी भलत्याच गोष्टीवर हसू फुटायचं आणि मग हसलो म्हणून अपराधी वाटायचं. दुसरा आधार आमच्या इन्चार्ज सिस्टरचा. जिच्या हातात पेशंट गेला तिला दुसऱ्या दिवशी त्याच बेडवर त्या लावायच्या नाहीत. कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यांना समजायचं.

आणि तिसरा आधार म्हणजे ड्युटीनंतरचं विलगीकरण. खोलीत एकटं पडून कंटाळा यायचा, पण झोप मिळायची. मे 2020 मध्ये केंद्राच्या सूचना आल्या की जास्त जोखमीचा संपर्क नसेल तर ते सरसकट लागत नाही. संसर्गाच्या हिशोबाने बरोबर असेलही. पण त्या दिवसांत मनाची जी डागडुजी व्हायची ती कागदावर कधी नव्हतीच, त्यामुळे ती बंद झाली हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

जिना, रोस्टर, झोप. यात एकटीच्या मनोबलाचं काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, 'बर्नआउट' हा आजार म्हणून नाही, कामाशी निगडित बाब म्हणून नोंदलाय. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही तर होणारी गोष्ट. कामामुळे होतं आणि उपाय मात्र आम्ही घरी चटईवर करायचा!

केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचा विमा काढला, चांगलं केलं. तो मृत्यूसाठी होता. जिवंत राहून ज्यांची झोप गेली त्यांच्यासाठी काही नव्हतं. आणि त्या मावशी? लाट ओसरली, कंत्राट संपलं, उद्यापासून येऊ नका. निरोपाला साधा चहासुद्धा नाही.

मागणं फार नाही. रिकाम्या जागा भरा, म्हणजे नाईट ऑफ खरंच ऑफ राहील. वॉर्डात मृत्यू झाला तर त्या सिस्टरला अर्धा तास कुणीतरी मोकळं करा. समुपदेशक द्या, पण आमचा गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या साहेबांच्या हाताखालचा नको, नाहीतर तोंड कोण उघडेल? आणि बोलायची सक्ती तर अजिबात नको. मोठ्या धक्क्यानंतर लगेच सगळ्यांना बसवून बोलतं करू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. ज्याला गप्प बसायचंय त्याला चहा द्या.

इथे नर्सिंगमधले बरेच जण आहेत. तुमच्या वॉर्डात असा जिना आहे का? आणि तिथे बसवून घेणारी मावशी अजून कामावर आहे का? लिहा खाली.