प्रेरणा आभाळातून पडत नाही

चित्रकार चित्र का काढतो, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर कलादालनातले : कला ही आतून येते, ती ईश्वरी देणगी आहे, तिला कारण विचारू नये. दुसरे उत्तर आपल्या शिबिरांतले : कलावंताने जनतेची सेवा करावी. या सेवेचा व्यवहारातला अर्थ एवढाच होतो, की मोर्च्याच्या आदल्या रात्री पेंटरला निरोप धाडावा आणि मोर्चा संपल्यावर त्याला विसरून जावे. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात. परंतु एका बाबतीत दोघांचे संपूर्ण एकमत आहे. कलावंत घडतो कसा, हे जाणून घेण्याची गरज दोघांनाही वाटत नाही.

आमच्या मेहकरला पैनगंगेकाठी शारंगधर बालाजीचे मंदिर आहे. १८८८ साली खोदकामात सापडलेली, अकरा फुटांच्या आसपास उंचीची, काळ्या पाषाणातली ही विष्णुमूर्ती पाहायला दूरदूरचे लोक येतात. इंग्रज सरकार ती हलवील या धास्तीने गावकऱ्यांनी घाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे सांगतात. देव कोणता, हे गावातले पोरही सांगेल. मूर्ती घडवणाऱ्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही. तो कोणीही असो, त्याला एका रात्री दृष्टान्त झाला आणि सकाळी त्याने छिन्नी उचलली, असे मानणे हा त्याच्या श्रमाचा अपमान आहे. एवढ्या शिळेवर एवढा नाजूक हात चालतो, तेव्हा त्या हातामागे पिढ्यांची शिकवण असते, दगडाची पारख असते, खाणीतून शिळा आणणारे खांदे असतात, आणि काम संपेपर्यंत कारागिराच्या चुलीची सोय लावणारी एखादी व्यवस्था असते. ती व्यवस्था सरंजामी होती आणि तिने कारागिराचे नाव पुसले, हा तिच्यावरचा आरोप खराच आहे. पण त्याला शिकू दिले आणि काम दिले, एवढे तिच्या खात्यावर मांडावेच लागते. आपल्या लोकशाहीने तेवढे तरी केले आहे काय?

दुसरा पुरावाही याच गावात आहे. येथील मोमीन विणकर एके काळी इतके सधन होते, की गावाच्या तटबंदीचे काम त्यांनी अंगावर घेतले, अशी नोंद वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटियरात आहे. पुढे विलायती यंत्राच्या कापडापुढे त्यांचा धंदा खालावला. धंदा बुडतो तेव्हा केवळ मजुरी बुडत नाही. रंगाला रंग लावून पाहणारी नजर बुडते, बापाकडून लेकाकडे जाणारा हात बुडतो. त्या विणकराच्या नातवाला ‘आतून’ काही आले नाही, तर दोष त्याच्या आत्म्याचा की बाजाराचा?

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. आधुनिक चित्रकार हा स्वतंत्र व्यक्ती असतो. तर मग आपल्याच काळातले उदाहरण घेऊ. सुधीर पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले, १९७२ साली तेथेच वैद्यकाचे पदवीधर झाले, पुढच्या वर्षी मुंबईला आले, आणि १९७५ पासून २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत राहिले. चित्रकला त्यांनी या नोकरी-व्यवसायाच्या जोडीने केली. सेझान आणि लेजे यांच्याकडून त्यांनी आकृतीचे वजन घेतले; मार्क्सवादी विचाराने त्यांची नजर रस्त्यावरच्या श्रमिकाकडे वळवली. १९७७ चे ‘इराणी रेस्टॉरंट’, १९८० चे ‘ट्रेन’, १९९६ चे ‘रायट’, २००१ चे ‘लोअर परळ’ ही चित्रे क्रमाने पाहिली, तर हॉटेलात टेकलेला माणूस, लोकलमधला प्रवासी, दंगलीतला जमाव आणि गिरण्या मागे टाकून बदलत गेलेले शहर असा सारा पट डोळ्यांपुढे येतो. यांतले एकही चित्र घोषणा देत नाही. परंतु कष्टकऱ्याचे शरीर ही मान वर करून पाहण्याची गोष्ट आहे, हे त्यांतून समजते. हे काम आतून आले की बाहेरून? प्रश्नच चुकीचा आहे. बाहेरचे पुरेसे आत गेले आणि ते पचवायला हाताला शिक्षण व मनाला सवड मिळाली, म्हणून ते चित्र होऊन पुन्हा बाहेर आले.

प्रतिभा नसतेच, असे आमचे म्हणणे नाही. बी नसेल तर पीक येत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पण बियाण्याची थोरवी गाऊन ओलिताचा प्रश्न टाळणाऱ्याला तोच शेतकरी काय म्हणेल, तेही सांगायला नको. पटवर्धनांना वैद्यकी होती, ग्रंथ होते, मुंबईची कलादालने होती. यात त्यांचे काही उणे होत नाही. उलट, ही साधने इतरांना नाहीत याची जाणीव त्यांच्या कृतीत दिसते : २००८ साली ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन त्यांच्या पुढाकाराने मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रातील शहरांत फिरले. एका चित्रकाराला जे सुचले, ते आपल्याला पक्ष म्हणून सुचले नाही. आणि तालुक्याच्या गावापर्यंत ती वाट अजून यायचीच आहे.

आता आपल्याच साथींचा आक्षेप. ‘सोयाबीनला भाव नाही, कापूस घरात पडून आहे; अशा वेळी चित्रकला कसली काढता?’ आम्ही विचारतो, ही वाटणी कोणी केली? श्रीमंताच्या पोराला भाकरीही हवी आणि रंगपेटीही हवी. गरिबाच्या पोराने मात्र भाकरीवरच समाधान मानावे, हा विचार समाजवादाचा नव्हे, सावकाराचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट उघडून पाहा. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी कलाशिक्षणाच्या निदेशकाची तरतूद त्यात आहे. पण तो अंशकालीन, आणि तोही पट शंभराच्या वर असेल तरच. ज्या खेड्यातल्या शाळेचा पट साठ आहे, तेथल्या मुलांना डोळे नसतात काय? इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेतल्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ते शिकवायला शिक्षक ज्यांना आहे त्यांच्याच पदरात पडतात. म्हणजे येथे प्रेरणाही वर्गवारीने वाटली जाते, आणि मग तिलाच ईश्वरी देणगी म्हटले जाते.

आणि आपण काय केले? पूर्वी तालुक्याच्या गावी पाट्या रंगवणारा पेंटर असे. ब्रश कसा धरावा हे पाहायला त्याच्या दुकानापुढे पोरे उभी राहत. आमच्यासारख्यांची चित्रकलेची पहिली शाळा तीच. फ्लेक्सच्या यंत्राने त्याचे दुकान बसवले. त्या वेळी आपल्या शाखांनीही आपले फलक निमूटपणे फ्लेक्सवर छापून घेतले, कारण ते स्वस्त पडत. विलायती कापड स्वस्त पडते असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाहून आपण वेगळे कसे?

म्हणून मागण्या स्पष्ट मांडू. पट कितीही असो, जवळच्या शाळांचा गट करून प्रत्येक गटाला पूर्णवेळ, पूर्ण पगाराचा चित्रकला शिक्षक मिळाला पाहिजे. तालुक्याच्या गावी फिरत्या प्रदर्शनासाठी सार्वजनिक जागा राखली पाहिजे. आणि ही मागणी करण्याचा अधिकार आपल्याला हवा असेल, तर शाखांनी आपला फलक आधी माणसाच्या हातून रंगवून घ्यावा, त्याची मजुरी रोख द्यावी, आणि पुढच्या शिबिरात त्याच माणसाला फलक रंगवायला नव्हे, आपली चित्रे दाखवायला बोलवावे. तो काय काढतो हे आपण ठरवू नये. त्याला काढता येईल अशी परिस्थिती आणणे, एवढेच आपले काम आहे, आणि ते मुळीच लहान नाही.